बागेत माकड मेलेले दिसले तर

दोडामार्ग, सावंतवाडीकडे किंवा गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागेत मेलेले वानर वा माकड दिसले, तर खड्डा खणून पुरायला धावू नका. आधी मागे फिरा. ते माकडतापाने गेलेले असू शकते. या तापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, तोही माकडे मरू लागल्यावरच.

खरा धोका हा ताप पसरवणाऱ्या गोचिडांचा. माकड जिवंत असेपर्यंत ती त्याच्या अंगावर रक्त पितात. माकड मेले की ती अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात आणि नवे अंग शोधतात. तिथून जाणारा माणूस त्यांना आयताच सापडतो. त्यांची पिल्ले इतकी बारीक की चावली तरी कळत नाही. त्यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पातेरा गोळा करणाऱ्या बायकांची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून मृत माकडाला हात लावू नका, मुले आणि गुरे त्या बाजूला जाऊ देऊ नका. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. महाराष्ट्रात वनखात्याची मदतवाहिनी 1926 आहे. नमुने घेणे, मृतदेह जाळणे आणि आजूबाजूच्या सुमारे 50 फूट परिसरात कीटकनाशक भुकटी टाकणे हे त्यांचे काम.

जवळ गेला असाल तर घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवा, साबणाने अंघोळ करा, अंग नीट तपासा. पुढच्या आठवड्याभरात एकाएकी सणकून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना माकडाची गोष्ट आधी सांगा.