आडवी बाटली आणि औषधी गांजा

पुरेशा मतदारांच्या सह्या मिळाल्यास कायद्याचा मसुदा थेट मतदानास ठेवण्याची सोय कॅलिफोर्नियात १९११ पासून आहे. एड्सग्रस्तांच्या यातनांतून उभ्या राहिलेल्या चळवळीने ५ नोव्हेंबर १९९६ रोजी याच मार्गाने औषधी गांजास मान्यता मिळविली. सुमारे ५६ टक्के मते अनुकूल पडली.

अलिबागनजीकच्या नागाव येथील मतदारास असा मार्ग उपलब्ध आहे काय? मादक पदार्थांविषयीचे थेट मतदान महाराष्ट्रास अपरिचित नाही. २००८ च्या आदेशानुसार गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’स मत दिले, तर दारूचे दुकान बंद होते. गैरहजर स्त्रीचे मत अशा रीतीने दुकानाच्याच पारड्यात पडते. ही अट कठोरच म्हटली पाहिजे. परंतु या मतदानाने दुकान बंद करता येते, निषिद्ध वस्तू खुली करता येत नाही.

गांजा १९८५ च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. त्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाचा अपवाद आहे, आणि कलम १० नुसार लागवड, विक्री इत्यादींस परवानगी देणारे नियम राज्य शासनास करता येतात. तेव्हा येथील रुग्णांची मागणी मुख्यतः शासकीय नियमांपुरती उरते. शेंड्यांवाचूनची नुसती पाने मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. ती राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतात, आणि आयुर्वेदीय औषधांत ‘विजया’ या नावाने आजही वापरली जातात.