जामीनदाराच्या रकान्यातला आकडा

‘सिबिल खराब असले तरी कर्ज मिळेल’ अशी चिठ्ठी लोकलच्या दाराशी चिकटवलेली दिसली, आणि हे सिबिल उघडून वाचतं कोण, ते शोधत मी डोंबिवली पूर्वेला गेले. सिबिल हे मुळात लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. रिझर्व्ह बँकेच्या सिद्दिकी समितीने सुचवल्यावर २००० साली ती मुंबईत स्थापन झाली, २००५ साली त्यासाठी कायदा झाला. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून आज अशा चार कंपन्या आहेत. ठाण्या-कल्याणकडे मात्र कोणाचाही अहवाल असो, ‘सिबिल काढलं का?’ असंच विचारतात.

मला भेटलेल्या मॅडम सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या. आता घरातल्याच टेबलावर लोकांचे अहवाल वाचून देतात. लोक आधी ३०० ते ९०० मधला तो स्कोअर बघतात. मॅडम पान उलटतात. नाव, पॅन, जुने पत्ते (चाळ पाडून इमारत झाली तरी चाळीचा पत्ता तिथे राहतो), मग एकेक कर्ज आणि कार्ड, शेवटी कोणकोणत्या बँकांनी चौकशी केली ते. आपण स्वतः अहवाल पाहिला तर स्कोअर घटत नाही, हे त्या प्रत्येकाला सांगतात. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून तो फुकट मिळतो. बचत खात्यातली शिल्लक किंवा एफडी त्यात कुठेच नसते.

त्यांचं बोट थांबतं ते महिन्यांच्या चौकटींवर. प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांपर्यंतच्या चौकटी असतात. ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे ३० दिवस थकलेला. एक्सएक्सएक्स दिसलं की माणसं घाबरतात. त्या महिन्याची माहिती बँकेने कळवली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागदभर शून्यांची ती रांग पाहून मला खरोखर भरून आलं. कोणीतरी तीन वर्षं महिन्याच्या महिन्याला पोटाला चिमटा काढून ती भरलेली असते.

त्या दिवशी टिटवाळ्याहून एक गृहस्थ आले होते. घराचं कर्ज नाकारलं गेलेलं. ‘मॅडम, माझा एकही हप्ता चुकला नाही हो.’ मॅडमनी तिसऱ्या कर्जावर पेन्सिल टेकवली. ‘हे तुमचं कर्ज नाही. इथे बघा, जामीनदार.’ कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या गाडीसाठी पाच वर्षांपूर्वी केलेली सही. ते गप्प झाले.

आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे ओळख निभावणं. सहकारी बँका आणि पतपेढ्यांची अर्धी कर्जं अशा सह्यांवर उभी राहिली असतील. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही घेताना हे किती जणांना समजावून सांगतात? मला त्याचीच काळजी वाटते.

सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सगळी बाकी फेडली होती. बेबाकीचा दाखला गृहस्थांच्या पिशवीत होता. अहवालात मात्र खातं अजून थकीत. अशा चुकीची तक्रार कंपनीकडे करता येते, पण कंपनी स्वतःहून आकडा खोडू शकत नाही. बँकेने दुजोरा द्यावा लागतो. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३०. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. तोवर घरमालक बयाणा धरून थांबतो का, हा प्रश्न कोणत्याच नियमात नाही.

‘आणि हे ०९०?’ गृहस्थांनी विचारलं.

‘ते राहणार. तेव्हा हप्ते खरंच थकले होते.’

‘मला कोणी कळवलंसुद्धा नाही.’

मॅडमना यावर उत्तर नव्हतं. त्यांनी खातं बंद दाखवण्याच्या अर्जाच्या दोन प्रती काढल्या, दाखल्याची झेरॉक्स दोन्हींना टाचली, आणि एकीवर शाखेचा शिक्का घेऊन पोच जपून ठेवा, असं दोनदा सांगितलं.