रायफल हातातच फुटली! काडतुसातला दाब हाताबाहेर का जातो?

एप्रिल 2021 मध्ये 'केंटकी बॅलिस्टिक्स' या अमेरिकन यूट्यूब चॅनलवाल्याच्या हातातली 50 कॅलिबरची रायफल फुटली. तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. रायफलचं मागचं स्क्रू-झाकण चेहऱ्यावर आदळलं आणि एका तुकड्याने मानेतली मोठी शीर कापली. जखमेत स्वतःचा अंगठा घालून त्याने रक्त रोखलं, म्हणून वाचला.

थरार बाजूला ठेवू, आकडे बघू. घरच्या कुकरमध्ये साधारण 15 पीएसआय दाब असतो. या काडतुसात नेहमीचाच दाब 55,000 च्या आसपास! रायफलचे डिझायनर मार्क सर्बू यांचा अंदाज असा की झाकणाचे आटे तुटायला 85,000 च्या घरात दाब लागला असेल.

एवढा दाब आला कुठून? काडतुसातली पावडर जळते, वायू तयार होतो आणि तो बुलेटला पुढे ढकलतो. गंमत अशी की दाब वाढला की पावडर आणखी वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. आपल्या कोडमध्ये इन्फिनिट लूप लागला तर अ‍ॅप हँग होतं. इथे पोलाद फाटतं. म्हणजे पावडर दहा टक्के वाढली तर दाबही दहाच टक्के वाढेल, हा हिशोब इथे चालत नाही. आणि चुकीची, जास्त वेगाने जळणारी पावडर पडली तर वजन बरोबर असूनही घात होतो.

ते काडतूस बनावट किंवा कुणीतरी पुन्हा भरलेलं असावं, असा संशय होता. अमेरिकेत वापरलेल्या पितळी केसमध्ये घरीच पावडर भरणं हा बऱ्याच जणांचा छंद आहे, त्याला हँडलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा प्रयोग नकोच.)

तिथले जुने, अनुभवी लोक टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवतात. लेबल नसलेल्या डब्यातली पावडर सरळ टाकून देतात. मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडतच नाहीत. मला हा शेवटचा नियम सगळ्यात पटतो. अनोळखी एपीके आपण इन्स्टॉल करत नाही ना, तसंच.

चपटा झालेला प्रायमर किंवा जड उघडणारा बोल्ट ही जास्त दाबाची लक्षणं मानतात. पण ती दिसतात तोवर दाब बहुतेकदा मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि कधी कधी तर काहीच दिसत नाही.

या रायफलमध्ये झाकण निसटलंच तर अडवायला मागे दोन पोलादी कान होते. त्या दिवशी झाकणाने ते कानही तोडले, आणि त्यांचेच तुकडे मागे उडाले.