मुंबईत बांधलेली, कुणी न घेतलेली होडी

नळाला पाणी कधी येणार याची वाट बघण्यात ज्या मनमाडचा जन्म जातो, तिथे जुन्या शिडाच्या होड्यांचे भाव काढणं म्हणजे चेष्टाच. पण अशी होडी पारखायची पहिली युक्ती जंक्शनवरच्या जुन्या रेल्वेवाल्यांना शिकवावी लागणार नाही. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. चाक खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर गडबड. फायबरग्लासची होडी तपासणारा सर्व्हेअर हेच करतो. काचेचे धागे आणि राळ यांचे थर सुटले असतील तर आवाज बोदा येतो. वरचा रंग कितीही नवाकोरा असो. तळाला फोड आले असतील तर एखादा फोडून वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की समजायचं, पाणी लेपाच्या आत शिरलंय.

गंमत अशी, की होडीचा दर्जा आणि तिला पुढे येणारी किंमत या दोन गोष्टी एकत्र नांदतीलच असं नाही. किंमत नावलौकिकाला मिळते. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रस्टलर 36 या जुन्या धाटणीच्या होड्यांनी पटकावले. पुढच्या शर्यतीत आपले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी अशाच होडीतून दुसरे आले. ज्या जातीच्या होड्या अनेक आहेत आणि ज्यांची कीर्ती बंदरोबंदरी पोचली आहे, त्यांना गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही.

आणि सुहैली नावाची होडी? ती मुंबईत, सागवानात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या, व्यापारी जहाजावरच्या तरुण अधिकाऱ्याने कुलाब्याला ती करून घेतली; 1964 च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. लांबी 32 फूट, आराखडा तेव्हाच जुनापुराणा, सुतारांची हत्यारं हातातली. 1968 ची, पहिली गोल्डन ग्लोब शर्यत आली तेव्हा त्याला हवी होती नवी, मोठी, पोलादी होडी. सुहैली विकून पैसे उभे राहतात का, तेही त्याने पाहिलं. जमलं नाही. मग हाताशी होती तीच घेऊन तो इंग्लंडमधल्या फॅलमथहून निघाला.

वाटेत ती गळू लागली. भर समुद्रात बुडी मारून पाहतो तर तळाच्या कण्यालगतच्या फळ्यांची सांध उघडलेली. श्वास रोखून, पाण्याखाली, त्याने त्या फटीत कापूस ठोकून बसवला. वर कॅनव्हासची पट्टी बारीक खिळ्यांनी मारली. (कुठल्याही सर्व्हेअरने ही सांध पाहून होडी नापास केली असती, आणि तो चुकला नसता.) तरी 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ती फॅलमथला परत आली. नऊ जण निघाले होते. पोचला हा एकटाच. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारणारी जगातली पहिली होडी मुंबईच्या सुतारांची!

पुढे तिला मानाने ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं, तर तिथल्या कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या. मालकाने तिला बाहेर काढलं आणि डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडलं. दक्षिणेच्या महासागराला जे साधलं नाही, ते संग्रहालयाच्या उबदार दालनाने आरंभलं होतं. म्हणून लाकडी होडी वर्षानुवर्षं छपराखाली कोरडी जपलेली आहे असं विक्रेता कौतुकाने सांगू लागला, की कान टवकारावेत.

मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या होड्या वर ओढून ठेवतात आणि तळ उघडा पडतो. होडी बघायला तेव्हाच जावं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत ते विचारावं. दहाएक वर्षं झाली असतील तर त्या बदलायचा खर्च भावातून वजा करून घ्यावा. कीलचे, म्हणजे तळाच्या कण्याचे, बोल्ट गंजलेत का, ते आतून टॉर्च मारून बघावं. आणि सर्व्हेअर विकणाऱ्याने सुचवलेला नको, आपण शोधलेला न्यावा.