लाल न होणारा डोळा

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि लाल डोळा घराघरांत ओळखीचा झाला. त्या साथीतली बहुतेक मुले आठ-पंधरा दिवसांत बरी होतात. खरी भीती युव्हायटिसची. लहानपणीच्या सांधेवातात डोळ्याच्या आत, बाहुलीभोवती ही सूज येऊ शकते. पण बहुधा डोळा पांढराच दिसतो, दुखतही नाही. पोर तक्रार करत नाही आणि आत मोतीबिंदू, काचबिंदू वाढत राहतात. म्हणून महिना-दीड महिना गुडघा सुजलेल्या मुलाचे डोळे स्लिट लॅम्पखाली तपासायलाच हवेत. जोखीम जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र नकोत. त्यांनीही डोळ्यातला दाब वाढतो.