त्वचेखालचा जागता पहारा

रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या खाटेवर झोपलेल्या वडिलांना दरदरून घाम फुटला, तर आपल्याला ते कधी कळते? बहुधा त्यांना स्वतःला जाग आली तरच. इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांची रक्तशर्करा एकाएकी खाली जाण्याचा धोका अधिक असतो. मधुमेह जुना झाला, की घाम, थरथर, धडधड या पूर्वसूचनाही पुसट होत जातात. सकाळ-संध्याकाळ बोट टोचून मिळणारा आकडा त्या क्षणापुरताच असतो. मधल्या रात्रीचे काहीच कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी संशोधकांनी प्रकाशाचा आधार घेतला. अमेरिकेतील सेन्सिऑनिक्स कंपनीच्या ‘एव्हरसेन्स’ या संवेदकाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. सुमारे १८ मिलिमीटर लांबीची ही नळी डॉक्टर दंडाचा थोडा भाग बधिर करून, लहानसा छेद घेऊन त्वचेखाली बसवतात.

नोटेवरील काही खुणा अतिनील प्रकाशात उजळताना आपण पाहिल्या असतील. या संवेदकाचे तत्त्वही तेच आहे. त्याच्या आवरणातील रसायनाला ग्लुकोज चिकटले, की ते अधिक तेजाने चमकते. ग्लुकोज सुटले, की तेज मंदावते. आतील सूक्ष्म दिवा आणि प्रकाशमापक ही चमक मोजतात. दंडावर वरून चिकटवलेला प्रेषक संवेदकाला ऊर्जा पुरवतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा मोबाइलवर पाठवतो. शर्करा फार उतरली, तर हा प्रेषक दंडावरच थरथरून झोपलेल्याला जागे करतो.

शरीर मात्र परक्या वस्तूला सहज स्वीकारत नाही. त्यामुळे होणारा दाह आवरण्यासाठी संवेदकाभोवती स्टेरॉइडचे कडे असते. सुरुवातीला ९० दिवस चालणारा हा संवेदक २०२२ मध्ये सहा महिन्यांवर, तर २०२४ मध्ये वर्षभरावर गेला.

तरीही त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. तो रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. म्हणून शर्करा वेगाने बदलत असताना आकडा काही मिनिटे मागे राहतो. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांमुळे आकडा चुकू शकतो. ग्लुकोमीटरशी ताळा अधूनमधून घ्यावाच लागतो, प्रेषक रोज चार्ज करावा लागतो. आपल्याकडे अधिक परिचित असलेले, दंडावर चिकटवायचे दोन आठवड्यांचे संवेदक लावायला सोपे असतात. कोणता योग्य, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

साधन कोणतेही असो, सूचना मिळाल्यावर काय करायचे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. आकडा ७० च्या खाली गेला आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोट टोचून खात्री करावी.

संवेदक रात्रभर पहारा देईल. पण उशाशी साखरेची डबी आपणच ठेवायची असते.