गाबोळी रंगाची आगगाडी

जपानमधल्या त्सुयामा स्टेशनच्या फलाटावर उभ्या असलेल्या एका डिझेल गाडीशेजारी मी प्लास्टिकचे चमचे धरून पाहत होतो. एकामागून एक, सहा चमचे. प्रत्येकाच्या मागच्या फुगीर बाजूला नारिंगीकडे झुकणारा थोडा वेगळा तांबडा रंग फवारलेला आणि दांड्यावर पेन्सिलीने क्रमांक. स्टेशनचा एक कर्मचारी दोनदा जवळून गेला. दुसऱ्या वेळी त्याने मान लववली, मीही लववली. चमच्यांबद्दल त्याने विचारलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

चमच्यांची हकीकत सांगायची तर पंधरा वर्षं मागे जावं लागेल.

नोकरीनिमित्त मी तोक्योतल्या निशी-कासाई भागात राहायला गेलो. तिथे भारतीयांची वस्ती इतकी आहे की फोडणीचा वास आला तर घर ओळखता येत नाही, कारण तो चार घरांतून येतो. पुढचं स्टेशन कासाई. तिथे लोहमार्गाच्या पुलाखालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. पाऊस होता आणि तिकीट स्वस्त, एवढ्याच कारणाने मी एका रविवारी आत शिरलो. समोर 1001 क्रमांकाचा पिवळाधमक डबा. 30 डिसेंबर 1927 रोजी उएनो ते आसाकुसा अशी आशियातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, त्या वेळचा. कॉलेजात असताना पुण्याला कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं होतं आणि तेव्हापासून एक किडा डोक्यात झोपलेला होता. तो त्या पिवळ्या डब्यासमोर जागा झाला.

पण खिसा होता नवख्या नोकरदाराचा. जपानात तयार मॉडेल गाड्या अप्रतिम मिळतात आणि दहा डब्यांचा रेक घ्यायचा तर महिन्याचं बजेट कोलमडतं. एका दुकानाच्या खालच्या फळीवर मात्र चपट्या पाकिटांत बिनरंगाचे किट दिसले. एका डब्याचे भाग जवळपास एका वेळच्या जेवणाच्या पैशांत! मी दोन पाकिटं उचलली.

इथे थोडा अभ्यासक्रम उरकून घेतो. जपानात एन गेजचं, म्हणजे 9 मिलिमीटर रुळांवरचं मॉडेल 1965 मध्ये काटो या ब्रँडने आणलं. 1976 मध्ये तोमिक्स आलं. ग्रीनमॅक्सने बिनरंगाच्या किटची परंपरा रुजवली. बंदाईची आखूड डब्यांची बी ट्रेन शॉर्टी 2002 ची. आत कुठला डबा निघेल ते पाकीट फोडल्यावरच कळणार, अशी तोमिटेकची तेत्सुदो कलेक्शन 2005 ची. प्रमाण 1:150, बुलेट ट्रेनसाठी 1:160. जपानच्या जुन्या लोहमार्गांचं खरं गेज 1067 मिलिमीटर, पण 9 ला 150 ने गुणलं की 1350 येतात. म्हणजे मॉडेलची गाडी पाय फाकवून उभी राहते. तिथले शौकीन याला ‘गानिमाता’ म्हणतात, खेकड्याचे पाय. झालं.

माझा पहिला किट जुन्या विजेच्या गाडीचा होता. दोन बाजू, दोन तोंडं, छत, तळ असे सपाट तुकडे प्लास्टिकच्या चौकटीत अडकवलेले. त्या चौकटीला तिथे ‘रनर’ म्हणतात. बोगी पाकिटात नसते, वेगळी घ्यावी लागते. (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. माझ्या घरात यावरून वाद झालेले आहेत.) मोटरसुद्धा वेगळी, आणि तिची किंमत डब्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोटर रेकमधल्या एकाच डब्यात बसवायची आणि बाकीचे त्याने ओढायचे.

नवखा माणूस चारही भिंती एकदम उभ्या करायला जातो. मीही गेलो. डबा असा तिरका झाला की वळणावर न जाताच वळलेला दिसे. मग दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने काउंटरवर दोन काड्या काटकोनात ठेवून रीत दाखवली: एक बाजू आणि एक तोंड जोडून आधी ‘एल’ करायचा. दुसरी बाजू आणि दुसरं तोंड यांचा दुसरा ‘एल’. दोन्ही पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच एकमेकांना भिडवायचे. प्रत्येक कोपऱ्याला आतून गुण्या लावून पाहायचा. पाण्यासारखं पातळ सिमेंट ब्रशने आतल्या बाजूने नुसतं टेकवलं की फटीत आपोआप ओढलं जातं आणि प्लास्टिक वितळवून सांधा एकजीव करतं. बाहेर एखादी फट राहिलीच तर लांबी भरायची, वाळली की आधी 600 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. फर्निचरवाला सुतार हेच करतो, फक्त त्याच्या खिडक्यांच्या चौकटी अर्ध्या मिलिमीटरच्या नसतात.

खिडक्यांच्या काचांचीही एक फजिती आहे. पारदर्शक पट्टी आतून चिकटवायला मी झटपट चिकटणारा गोंद वापरला. सकाळी पाहतो तर सगळ्या खिडक्या पांढुरक्या! त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. बायको म्हणाली, “गाडीत धुकं भरलंय, हिवाळ्यातली म्हणून सांग.” तो डबा आजही हिवाळ्यातला म्हणूनच उभा आहे.

आता रंग. माझ्या मते किट जोडणं ही मजुरी आणि रंगवणं हे गाणं. तयार गाडी घेणारा माणूस या गाण्याला मुकतो, आणि ते गाणं त्याला पैसे देऊनही मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

जपानच्या सरकारी रेल्वेने आपल्या रंगांना नावं आणि क्रमांक दिले होते. माझ्या पहिल्या डब्याचा रंग ‘बुदो-इरो’ क्रमांक 2. बुदो म्हणजे द्राक्ष, पण डबा दिसतो काथाच्या वडीसारखा. 1957 पर्यंत तोक्योच्या लोकल बहुतेक अशाच काळपट तपकिरी होत्या. त्या वर्षी चुओ लाइनवर झगझगीत नारिंगी गाडी आली, पुढे 101 मालिका म्हणून ओळखली गेली ती, आणि मग एकेका लाइनला एकेक रंग मिळत गेला. यामानोते लाइन आधी पिवळी झाली. 1963 मध्ये 103 मालिका आली तेव्हा तिला हिरवा मिळाला, ‘उगुइसु’ नावाच्या गाणाऱ्या पक्ष्याचा, आणि पिवळ्या गाड्या सोबू लाइनला गेल्या. या 103 मालिकेचे 1984 पर्यंत 3447 डबे बांधले गेले. डबे लाइनी बदलत तेव्हा पिवळ्या रेकमध्ये मध्येच हिरवा डबा दिसे आणि प्रवासी चुकीच्या गाडीत चढू नये म्हणून दारांवर लाइनच्या नावाचे स्टिकर लावावे लागत. माझ्यासारख्याला ही पर्वणीच. हिरवा स्प्रे संपला तर उरलेला डबा पिवळा करायचा आणि कुणी हसलं तर म्हणायचं, इतिहास वाचा.

एकरंगी गाडीत मास्किंग, म्हणजे टेपने एक भाग झाकून दुसरा रंगवणं, लागत नाही, हे मला शोनान रंगाने शिकवलं. शोनान रंग म्हणजे संत्र्याचा नारिंगी आणि चहाच्या पानाचा हिरवा, निदान लोक तरी तसंच सांगतात. 1950 पासूनची ही जोडी. दिसते देखणी, पण नारिंगीचे दोन हात देऊन, तो दोन दिवस वाळवून, मास्किंग टेपच्या कडा नव्या पात्याने कापून, दारांच्या खाचांमध्ये लाकडी काडीने दाबून टेप बसवायचा आणि मग हिरवा मारायचा. त्याआधी टेपच्या कडेवर परत एकदा नारिंगीचाच पातळ फवारा द्यायचा असतो, म्हणजे टेपखाली जे काही झिरपायचं ते नारिंगीच झिरपेल. ही युक्ती मला तिसऱ्या डब्यानंतर कळली. पहिल्या तिघांच्या कडेला हिरव्या मिशा फुटल्या आहेत.

त्यात जून. तोक्योच्या पावसाळ्यात बाल्कनीत फवारलं की हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि चकाकणारा पृष्ठभाग पांढुरका, दुधाळ होतो. कोकणातल्या माणसाला दमट हवेबद्दल कुणी शिकवू नये, पण मला शिकावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त कानस आणि लांबी, रंग ऑक्टोबरनंतर.

आणि आता माझा लाडका रंग. सरकारी रेल्वेचं खातं 1964 मध्ये प्रथम तोट्यात गेलं, म्हणजे जिला पाहून जगाने तोंडात बोटं घातली ती बुलेट ट्रेन धावली त्याच वर्षी. नंतर तोटा फुगतच गेला. (1987 च्या 1 एप्रिलला ती रेल्वे मोडून वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हा कर्ज 37 लाख कोटी येनच्या घरात होतं.) डिझेल गाड्या तोवर दोन रंगांत रंगवल्या जायच्या, खाली-वर तांबडा आणि खिडक्यांभोवती क्रीम. 1970 च्या दशकात हिशोब झाला की दोन रंग म्हणजे दोनदा फवारणं आणि मध्ये टेप. खर्च वाचवायला अख्खी गाडी एकाच रंगात बुडवली: ‘शुइरो’ क्रमांक 5. आधी तोक्योच्या आसपास वापरला म्हणून नाव ‘राजधानी परिसराचा रंग’. पुढे तोच रंग शेतांमधून, किनाऱ्यांवरून, जिथे राजधानीचा वाराही पोचत नाही तिथे धावला. लोकांनी त्याला वेगळंच नाव ठेवलं: ‘ताराको’. ताराको म्हणजे मीठ लावलेली माशाची अंडी. आपल्या भाषेत, गाबोळी.

दुकानातल्या त्या म्हाताऱ्याने हे नाव सांगितलं आणि मी हसत सुटलो. अख्ख्या देशाच्या रेल्वेची गाबोळी! पुन्हा तो रंग निव्वळ काटकसरीतून जन्मलेला, आणि मी निव्वळ काटकसरीतून मॉडेल करणारा. टेप नको, मिशा नकोत. आमचं जमणारच होतं.

या रंगाची गाडी म्हणजे किहा 40. ‘कि’ म्हणजे डिझेल गाडी. ‘हा’ म्हणजे जुन्या इ-रो-हा या अक्षरक्रमातलं तिसरं अक्षर, आपल्या क-ख-ग मधला ‘ग’. पूर्वीचा तिसरा वर्ग. 1977 ते 1982 या काळात तिच्या कुटुंबातले 888 डबे बांधले गेले. मला एक मिळाला तो जुन्या मॉडेलच्या दुकानातल्या ‘जंक’ टोपलीत.  डबे जोडणारा कपलर तुटलेला, आणि रंगाचे पोपडे निघालेले. जुना रंग उतरवायला तिथले शौकीन मोटारीच्या पेट्रोल टाकीतलं पाणी काढायचं औषध वापरतात, कारण त्यात जवळजवळ निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर बुडवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचं. रंग सालीसारखा सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस पेटवू नका.

मग साबणाच्या पाण्याने अंघोळ, करडं अस्तर, आणि रंग. पण कुठला? एका कंपनीचा ताराको नारिंगी, दुसरीचा विटकरी. वर, लहान वस्तूवर खरा रंग गडद दिसतो म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा असं जुने लोक सांगतात. किती पांढरा? म्हणून शंभर येनच्या दुकानातून चमचे आणले. चमच्याची पाठ डब्याच्या छतासारखी फुगीर असते, उजेड तसाच पडतो. सहा मिश्रणं, सहा चमचे. आणि निर्णय होईना म्हणून ओकायामाला जाऊन तिथून त्सुयामा लाइनची गाडी धरली. कारण तिथल्या जेआर वेस्टने, म्हणजे मोडलेल्या सरकारी रेल्वेतून झालेल्या कंपन्यांपैकी एकीने, 2009 च्या अखेरीस गाड्या पुन्हा एकरंगी करायचं ठरवलं, अर्थात पुन्हा खर्चासाठीच, आणि डिझेल गाड्यांच्या वाट्याला परत शुइरो 5 आला.

तर फलाटावर दोन डब्यांची गाडी. पुढचा डबा नुकता कारखान्यातून आलेला असावा. त्याला चमचा क्रमांक 2 तंतोतंत जुळला. आनंदाने मागच्या डब्याकडे गेलो. तो उन्हाने इतका विटला होता की गुलाबी वाटावा. त्याला क्रमांक 5 जुळला, आणि त्याच डब्याच्या सावलीतल्या बाजूला क्रमांक 4. एकच गाडी, तीन चमचे! बरोबर रंग कुठला, या प्रश्नावर मी चार महिने झोप घालवली होती.

त्सुयामाला 1936 चं अर्धवर्तुळाकार इंजिनघर आहे, सतरा खणांचं. 2016 पासून तिथे संग्रहालय आहे. जरूर पाहा. मी तिथे पाऊण तासच होतो, कारण माझं सगळं लक्ष परतीच्या गाडीच्या रंगाकडे.

माझी किहा 40 आता पुण्यात कपाटात आहे. डावी बाजू चमचा 2, उजवी चमचा 5, छत करडं. तिला मोटर नाही, घेणारही नाही. लोक विचारतात बुलेट ट्रेन का नाही केली. मुंबई-अहमदाबाद सुरू झाली की करशील का? नाही. तिला फार टेप लागतो.

तुमच्यापैकी कुणी जपानला जाणार असेल तर दुकानाच्या खालच्या फळीवर पाहा, बिनरंगाचे किट तिथेच असतात. दोन घ्या, एक बिघडतोच. अरुंद मास्किंग टेपही घ्या. स्प्रेचे कॅन मात्र घेऊ नका; विमानात चालत नाहीत, आणि विमानतळावर काढून ठेवताना फार वाईट वाटतं.